ज्यांना मत नव्हतं, त्यांच्यापुढे केलेलं भाषण

निवडणुकीचा मोसम आला की आमच्या बातम्यांतले काही शब्द ठरलेले असतात. "अलोट गर्दी", "टाळ्यांचा कडकडाट", "विरोधकांचा खरपूस समाचार". आणि अलीकडे त्यात एक भर पडली आहे, "राष्ट्रीय मूल्ये". जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सभांना वही घेऊन बसणं हे माझं पोटापाण्याचं काम. सर्व पक्षांच्या सभा ऐकल्या. राष्ट्रीय मूल्यांवर बोलला नाही असा पुढारी विरळाच. पण सभा संपल्यावर वही उघडली की त्या दोन शब्दांपुढे काही लिहिलेलं नसतं. कुठली मूल्यं? कोणासाठी? ती मोडली तर माणसानं कोणाचं दार ठोठवायचं? वक्ता सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

म्हणून आज थोडं जुनं लिहितोय. लांब होईल, पण विषय आपल्याच मातीतला आहे. नव्वद वर्षं होत आली त्याला.

डिसेंबर १९३६. पूर्व खान्देश जिल्हा, यावल तालुका, गाव फैजपूर. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन. त्याआधीची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची, लखनौ अशा शहरांत भरली. खेड्यात भरलेलं हे पहिलं. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, वय ४७.

फैजपूर म्हटलं की आपल्याकडे तीन-चार आठवणी हमखास निघतात. बैलांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली, ही एक. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले आणि त्यांनी इथल्याच बांबू-तट्ट्यांतून कमानी उभ्या केल्या, ही दुसरी. मुंबईहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली, ही तिसरी. आणि झेंडा खांबावर अर्ध्यातच अडकला तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण सरसर वर चढला आणि त्यानं तो मोकळा केला, ही चौथी. ही शेवटची गोष्ट तर वेगवेगळ्या विचारांची मंडळी आपापल्या पद्धतीनं सांगतात.

रथ आठवतो, खांब आठवतो, कमान आठवते. अध्यक्ष बोलले काय, ते विचारा. फैजपूरच्या बसस्टँडवर विचारा नाहीतर धुळ्याच्या पाच कंदिलावर, सांगणारा मिळणं मुश्कील. माझ्या मते त्या अधिवेशनातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट ते भाषण आणि त्याच्या सोबत झालेले ठराव हीच होती. आज शाळेत पोरं रोज सकाळी जी प्रास्ताविका म्हणतात, तिच्यातलं बरंचसं बी त्या टिळकनगरात पडलेलं आहे. टिळकनगर म्हणजे अधिवेशनासाठी शेतात वसवलेलं गाव.

आधी जमीन तयार झाली होती

असं मोठं अधिवेशन खेड्यात एकदम उगवत नाही. खान्देशात त्याची मशागत काही वर्षं चालली होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैदी होते. दर रविवारी ते बाकीच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अशी अठरा प्रवचनं झाली. ती लिहून घेणारा कैदी म्हणजे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी. धुळ्याच्या जेलमधून "गीता प्रवचने" बाहेर आलं आणि साने गुरुजी पुन्हा खान्देशच्या खेड्यापाड्यांत फिरू लागले. फैजपूरच्या तयारीत तेही होते.

फैजपूरजवळच्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यातली नोकरी सोडून चळवळीत पडले होते. अधिवेशनाचा स्थानिक भार मुख्यतः त्यांच्या खांद्यावर. आज फैजपूरच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. स्वागताध्यक्ष शंकरराव देव. अधिवेशन खेड्यात घ्या, शहरी थाटमाट नको, हा आग्रह गांधीजींचा. ते स्वतः तिथे होते, खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांनीच केलं.

लाखाच्या घरात माणूस जमल्याची वर्णनं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला, डिसेंबरच्या थंडीत, बैलगाड्या सोडून बसलेली माणसं. कापूस पिकवणारी, केळीच्या बागेत राबणारी, सालदारकी करणारी.

श्रोते कोण होते?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

१९३५ च्या कायद्यानं प्रांतांना थोडीफार सत्ता दिली होती आणि फैजपूरनंतर दोनेक महिन्यांत, १९३७ च्या सुरुवातीला, निवडणुका व्हायच्या होत्या. पण मत कोणाला? ठरावीक शेतसारा किंवा कर भरणाऱ्याला, ठरावीक शिक्षण झालेल्याला. देशातल्या प्रौढ माणसांपैकी साधारण सहाव्या हिश्श्यालाच मत होतं. म्हणजे टिळकनगरात मांडी घालून बसलेल्यांपैकी बहुतेकांना मत नव्हतं. सालदाराला नाही, मोलमजुरी करणाऱ्याला नाही, पाड्यावरच्या भिल्ल-पावऱ्याला नाही आणि बायांना तर फारच थोड्यांना.

आजच्या भाषेत सांगायचं तर निवडणूक तोंडावर होती आणि समोरच्या गर्दीतून मतं पडणार नव्हती. आमच्या ओळखीचे पुढारी अशा सभेला खुर्च्या लावायचाही खर्च करणार नाहीत. बूथनिहाय आकडे काढून "तिथे आपलं काही नाही" म्हणून मोकळे होतील.

नेहरू त्या माणसांपुढे बोलले. आणि त्यांच्याकडून काही मागण्याऐवजी त्यांचा हक्क काय आहे ते सांगत राहिले.

भाषणात काय होतं?

ते भाषण लांब आणि जड आहे. टाळीची वाक्यं शोधायला गेलात तर निराशा होईल. मला त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. त्या माझ्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट घटनेची. इंग्रजांच्या पार्लमेंटनं केलेला १९३५ चा कायदा आम्हाला मान्य नाही, तो दुरुस्त नको, गेलाच पाहिजे. भारताची घटना भारतीयांनीच करायची. ती करणारी घटना समिती प्रौढ मताधिकारानं निवडलेली असली पाहिजे. म्हणजे ज्याला आज मत नाही, तो देशाची घटना लिहिणारा माणूस निवडणार! समोर बसलेल्या सालदाराला यातलं किती समजलं असेल, असा प्रश्न आपल्याला पडतो. मला वाटतं, नेमकं तेवढंच समजलं असेल. आपल्याला आणि पाटलाला एकच मत, एवढी गोष्ट समजायला शाळा लागत नाही.

दुसरी गोष्ट नागरी स्वातंत्र्याची. बोलणं, लिहिणं, सभा भरवणं. त्या वेळी सुभाषबाबू खटल्याशिवाय स्थानबद्ध होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत नेहरूंच्या पुढाकारानं नागरी स्वातंत्र्य संघ निघाला होता, रवींद्रनाथ टागोर त्याचे अध्यक्ष होते. तुरुंगात टाकलेला माणूस आपल्या विचाराचा आहे की नाही, हे न बघता त्याच्या हक्कासाठी उभं राहायचं, ही त्या संघामागची कल्पना. आज ही कल्पना किती जणांना पचेल, ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. आपला माणूस आत गेला की लोकशाहीचा खून आणि दुसऱ्याचा गेला की "कायदा आपलं काम करेल", ही दोन्ही वाक्यं मी एकाच तोंडून ऐकलेली आहेत. एकाच पक्षातलीही नाही, सगळ्याच पक्षांतली.

तिसरी गोष्ट जगाची. इटलीनं अबिसिनिया गिळला होता, स्पेनमध्ये यादवी पेटली होती, जर्मनीत हिटलर बसला होता, जपान चीनमध्ये घुसत होता. नेहरूंनी हे सगळं फैजपुरात मांडलं. स्पेनच्या जनतेला सहानुभूती देणारा ठराव तिथे झाला. साम्राज्याच्या लढाईत हिंदुस्थानला ओढाल तर आम्ही साथ देणार नाही, हेही सांगितलं गेलं.

आता कोणी म्हणेल, यावल तालुक्यातल्या शेतकऱ्याला स्पेनचं काय? मी म्हणेन, खान्देशातल्या शेतकऱ्याइतकं जग बाकी कोणाला कळत होतं? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. १९२९ नंतर जगात मंदी आली आणि खान्देशात सावकाराच्या वहीत नावं वाढली. ज्याच्या पिकाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराकडे बघून ठरत होता, त्याला "जगाशी तुझा संबंध आहे" हे पटवून द्यायची गरजच नव्हती. त्याला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं की या संबंधात तू नेहमी मार खाणाराच राहिला पाहिजेस असं नाही.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. नेहरू स्वतः समाजवादी विचाराचे होते, ते त्यांनी लपवलं नाही. पण त्याच भाषणात त्यांनी सरळ सांगितलं की काँग्रेस आज पूर्ण लोकशाहीसाठी लढते आहे, समाजवादासाठी नाही. पुढे ती त्या वाटेला येईल अशी माझी आशा आहे, पण आजची भूमिका ही आहे. निवडणुकीनंतर मंत्रिपदं घ्यायची की नाहीत, यावरही त्यांचं मत "घेऊ नयेत" असं होतं आणि पक्षातल्या बऱ्याच वजनदार मंडळींचं वेगळं होतं. अध्यक्षांनी आपलं मत उघड मांडलं आणि निर्णय मात्र संघटनेवर सोडला. पुढे १९३७ च्या जुलैत काँग्रेसनं मंत्रिमंडळं बनवली, म्हणजे अध्यक्षांचं मत चाललं नाही. त्यामुळे पक्ष फुटला नाही की कोणी कोणाला गद्दार म्हटलं नाही. अध्यक्षाचं मत एक आणि पक्षाचा निर्णय दुसरा असू शकतो, हे लाखभर लोकांसमोर मान्य करणं, हेसुद्धा मूल्यच आहे. त्याला आपल्याकडे शब्द नाही, कारण ते बघायला मिळत नाही.

शेतकरी आधीच चालत निघाले होते

या भाषणाची गोष्ट सांगताना एक चूक हमखास होते. मोठा नेता आला, त्यानं मूल्यं दिली, लोकांनी घेतली, असं चित्र रंगवलं जातं. फैजपुरात तसं नव्हतं.

१९३६ च्याच एप्रिलमध्ये लखनौला अखिल भारतीय किसान सभा निघाली होती. तिचं दुसरं अधिवेशन फैजपुरातच, त्याच दिवसांत, एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. आणि त्यासाठी पाचशेवर शेतकरी मनमाडहून पायी निघाले. पुढे भुस्कुटे आणि बुखारी हे कार्यकर्ते. वाटेत गावोगाव थांबत, आपल्या मागण्या समजावून सांगत, दोनशे मैलांच्या वर चालून ते फैजपूरला पोचले. मनमाडहून सरळ आलं तर अंतर एवढं नाही. गावं घेत घेत आले म्हणून ते वाढलं. त्यांच्या स्वागताला नेहरू होते, शंकरराव देव होते, नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय होते, आचार्य नरेंद्र देव, कॉम्रेड डांगे, युसुफ मेहेरअली, मिनू मसानी होते. एकमेकांशी रोज भांडणारी ही माणसं, पायाला फोड आलेल्या शेतकऱ्यांच्या स्वागताला एका रांगेत उभी राहिली.

आणि मग अधिवेशनानं शेतीचा कार्यक्रम मंजूर केला. इतिहासाच्या पुस्तकात तो "फैजपूर कार्यक्रम" म्हणूनच ओळखला जातो. त्यातली मुख्य कलमं बघा. शेतसारा आणि खंड कमी करा. ज्याची जमीन पोट भरण्याइतकीही नाही, त्याला सारा माफ. वेठबिगार आणि सरंजामी देणी बंद. कुळाला जमिनीवर कायम हक्क. अन्याय्य कर्जं रद्द करा, बाकीच्या वसुलीला स्थगिती द्या, स्वस्त कर्जाची सोय करा. कालव्याच्या पाण्याचे दर उतरवा. गुरांना चराईची सार्वजनिक राखीव जागा. शेतमजुराला जगता येईल एवढी मजुरी. शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता. सहकारी शेतीचा प्रयत्न.

जमीनदारी मोडण्याची थेट मागणी मात्र त्यात नव्हती. किसान सभेच्या मंडळींना ती खटकली. पण आपला खान्देश रयतवारीचा. इथे शेतकऱ्याच्या मानेवर जमीनदारापेक्षा सावकार बसलेला. त्यामुळे कर्जाचं कलम इथे जास्त बोचत होतं आणि जास्त हवं होतं.

फैजपूरचं वेगळेपण मला इथे दिसतं. भाषणातल्या "लोकशाही"ला ठरावातल्या शेतसाऱ्याची, कर्जाची, मजुरीची जोड होती. मूल्य आणि त्याचा हिशेब एकाच मांडवात.

मग झालं काय?

हिशेब मांडलाच आहे तर तोही बघू.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. १९३९ साली कुळांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा असे कायदे झाले. दोन्ही अर्धेमुर्धे होते, अंमल मर्यादित होता, आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आला आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा "कृषक दिन" ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं मालक झालं. खान्देशातल्या कितीतरी घरांचे सातबारे त्या तारखेला बदललेले आहेत. तुमच्या घरचा जुना उतारा काढून बघा.

शेतमजुराच्या कलमाला फार उशीर झाला. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. आणि "जगता येईल एवढी मजुरी" हे आजही चोपडा-रावेरकडच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या माणसाला विचारून बघा.

घटना समितीचं काय झालं? ९ डिसेंबर १९४६ ला ती बसली. पण प्रौढ मताधिकारानं निवडून नाही. मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सभासद निवडले. फैजपूरची मागणी इथे पुरी झाली नाही, हे मान्य करायला पाहिजे. मात्र त्या समितीनं जी घटना लिहिली, तिनं प्रत्येक प्रौढाला मत दिलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. टिळकनगरात बसलेला सालदार, तो हयात असेल तर, पंधरा वर्षांनी पेटीत चिठ्ठी टाकून आला. त्याच्या शेतमालकाच्या मागे किंवा पुढे, एकाच रांगेत.

मधल्या काळात खान्देशानं आपलंही देणं दिलं. फैजपूरनंतर सहा वर्षांच्या आत, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती झेंडा घेऊन गोळ्यांना सामोरे गेले. शाळकरी पोरं ती. त्यांनाही मत नव्हतं.

लळिंगच्या डोंगरावरून

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ही पोस्ट आरती होईल.

फैजपूरला सात महिने झाले होते. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी राहिले. आजही दर ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. फैजपूरला रथ होता, इथे वकिलाची बॅग होती.

१९३६ हेच वर्ष बाबासाहेबांच्या जातिनिर्मूलनाच्या भाषणाचंही. लाहोरच्या मंडळानं आमंत्रण देऊन ते परिषदेत होऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. फैजपूरच्या मांडवात भर होता तो जमीन, कर्ज आणि सत्ता यांवर. जातीचा प्रश्न मध्यभागी नव्हता. पण खान्देशात जमीन कोणाकडे आणि सालदारी कोणाकडे, हे जातीशिवाय सांगताच येत नाही. ही त्या अधिवेशनाची उणीव होती आणि बाबासाहेब आयुष्यभर त्याच उणिवेवर बोट ठेवत राहिले.

दहा वर्षांनी हे दोघं घटना समितीत समोरासमोर आले. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. न्याय, समता, स्वातंत्र्य, अल्पसंख्याक आणि मागासांचं संरक्षण. फैजपूरचाच सूर, जास्त रेखीव झालेला. १७ डिसेंबरला बाबासाहेब त्यावर बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हक्क सांगितलेत, ठीक आहे. पण हक्क मोडला तर उपाय काय, ते या ठरावात कुठे आहे? उपाय नसेल तर हक्काला अर्थ नाही. आणि समाजवादी म्हणवणाऱ्या नेत्यानं मांडलेल्या ठरावात जमिनीच्या आणि उद्योगांच्या मालकीबद्दल काहीच नाही, हेही त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. त्याच भाषणात त्यांनी देशाच्या एकीचा इतका जोरदार पुरस्कार केला की सभागृह थक्क झालं.

२२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला. आणि उपायाचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडेच मसुदा समितीचं अध्यक्षपद आलं. घटनेत कलम ३२ आलं. मूलभूत हक्क मोडला तर नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. हे कलम घटनेचा आत्मा आहे, असं ते १९४८ च्या डिसेंबरात म्हणाले.

मला तर वाटतं, खान्देशाच्या या दोन जागा एकत्रच बघायला पाहिजेत. फैजपुरात मूल्यं बोलली गेली. ती तपासायची कशी, हे लळिंगला मुक्काम करून गेलेल्या वकिलानं पुढे शिकवलं. "उपाय काय?" एवढे दोनच शब्द. मूल्यांचं कोणतंही भाषण या दोन शब्दांवर घासून बघता येतं.

आपण काय विचारायचं?

आता आजच्यावर येतो.

मध्यंतरी एका गावात ग्रामसभेला गेलो होतो. गावाचं नाव लिहित नाही. भिंतीवर प्रास्ताविका रंगवलेली, ताजा रंग, सुबक अक्षर. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा आणि गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातलं जे कमी असेल ते. त्या दिवशी खोलीत बावीस माणसं मोजली, त्यात बाया तीन. रजिस्टर मात्र आधीच घरोघर फिरून आलेलं होतं, सह्या शंभरावर गेलेल्या. केळीच्या पीकविम्याबद्दल एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, तर "तो विषय आज अजेंड्यावर नाही" असं उत्तर मिळालं. बाबा खाली बसले. प्रास्ताविका त्यांच्या पाठीमागेच होती.

हे बघून कोणी म्हणेल, मूल्यं वगैरे सगळं भाषणापुरतं. मला तसं वाटत नाही. १९३६ ला त्या बाबांसारख्या माणसाला ग्रामसभेत उठून विचारायचा कायदेशीर हक्कच नव्हता. आज आहे. तो वापरला जाऊ नये म्हणून रजिस्टर घरोघर फिरवावं लागतं, यातच त्या हक्काचं वजन कळतं. बिनकामाच्या गोष्टीसाठी कोणी एवढी खटपट करत नाही.

म्हणून येत्या निवडणुकीत, झेडपी असो, पालिका असो की विधानसभा, कोणी "राष्ट्रीय मूल्ये" म्हणालं की टाळी वाजवायच्या आधी तीन प्रश्न विचारू. एक, हे मूल्य ज्याला माझ्यापेक्षा कमी मिळालंय, त्याच्यासाठी तुम्ही नेमकं काय करणार, कलमवार सांगा. दोन, तुमच्या विरोधकालाही हे मूल्य लागू आहे का? तीन, ते मोडलं गेलं तर मी कुठे जायचं आणि तिथे किती दिवसांत दाद लागेल?

पहिला प्रश्न मनमाडहून चालत आलेल्या शेतकऱ्यांचा आहे. दुसरा नागरी स्वातंत्र्य संघाचा. तिसरा बाबासाहेबांचा. तिन्ही जुने आहेत, तिन्ही आपल्या मुलखातून गेलेले आहेत. त्यांची उत्तरं देणारा उमेदवार सापडला तर तो कुठल्या पक्षाचा आहे ते न बघता मी त्याची बातमी पहिल्या पानासाठी पाठवीन. डेस्कवर बसलेले छापतील की नाही, तो भाग वेगळा.

एक विनंती. फैजपूर अधिवेशनाला गेलेली पिढी आता जवळपास संपली. पण तुमच्या घरात आजोबा-पणजोबांनी, आजीनं सांगितलेलं काही असेल, एखादा जुना फोटो, स्वयंसेवकाचा बिल्ला, पावती, पायी चालत गेल्याची आठवण, तर खाली लिहा किंवा मला पाठवा. यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्री, कुठलीही असो. आणि विशेषतः ज्यांचे पूर्वज तिथे सालदार, मजूर किंवा गाडीवान म्हणून गेले होते, त्यांनी जरूर लिहावं. नेत्यांची नावं पुस्तकात आहेत. ऐकणाऱ्यांची कुठेच नाहीत.